लीकेज कुठून होतंय ते न शोधता आलेलं कोटेशन: बाथरूम वॉटरप्रूफिंगचा अनुभव

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. वॉटरप्रूफिंगच्या कॉन्ट्रॅक्टरला ५ पैकी २, आणि नंतर ज्या प्लंबरकाकांनी तपासणी करून काम केलं त्यांना साडेचार. दोघांचीही नावं देत नाहीये, कुणाचा धंदा बसवायचा म्हणून हे लिहीत नाहीये. एक कोटेशन हातात आलं, त्यावर शंका आली, आणि ती शंका घेऊन पुढे काय काय केलं ते सगळं इथे लिहिते, कारण मला त्या आठवड्यात असं कुणीतरी लिहिलेलं वाचायला हवं होतं आणि मिळालं नाही.

तर झालं असं की खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात, त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात, बरोबर आमच्या बाथरूमच्या खाली, छताला ओल आली. आधी बशीएवढा डाग होता, पंधरा दिवसांत परातीएवढा झाला, कडेकडेने पांढरी पावडर फुलायला लागली आणि रंगाचे पोपडे पडायला लागले. आजींचा पलंग नेमका त्याच्याच खाली, तो त्यांनी ओढून दाराजवळ घेतलेला. तरी भांडायला आल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, अगं वरून एकदा कुणाला तरी बोलावून बघशील का. त्या तसं म्हणाल्या ना, त्यानेच मला जास्त लागलं, कधी एकदा हे काम उरकतंय असं झालं. आणि अशा घाईच्या मनःस्थितीत कोटेशन समोर येतं तेव्हा माणूस फक्त शेवटचा आकडा बघतो आणि हो म्हणून टाकतो, मी पण जवळजवळ म्हटलंच होतं.

कॉन्ट्रॅक्टर वेळेवर आले, बोलायला चांगले, व्हिजिट फ्री. बाथरूममध्ये दहा मिनिटं होते. नाण्याने टाइल्सवर टकटक करून बघितलं, दोन-तीन ठिकाणी पोकळ आवाज आला, लगेच म्हणाले बघा ताई, आतून पूर्ण पोकळ झालंय, पाणी इथूनच उतरतंय. शॉवरच्या कोपऱ्यातलं ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटींत भरलेला माल, गेलेलं होतं ते दाखवलं, फोटो काढले, टेप काढली नाही, खाली आजींकडे जाऊन डागही बघितला नाही. मी म्हटलं खाली बघून या ना, तर म्हणाले रोजची कामं आहेत ही, बघायची गरज नाही, कळतं आम्हाला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कोटेशन आलं.

कोटेशन म्हणजे एका पानाचा फोटो. बाथरूम कम्प्लिट तोडफोड, डबल कोट केमिकल वॉटरप्रूफिंग, टाइल्स लेबरसकट, एकूण २८० स्क्वेअर फूट, लमसम, म्हणजे सगळ्याचा मिळून, अमुक. ६० टक्के अॅडव्हान्स, दर दोन दिवसच व्हॅलिड, १० वर्षं गॅरंटी. खाली अगदी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या ज्या मी पहिल्या वेळी वाचल्याच नाहीत, त्यावर नंतर येते.

आकडा बघून पोटात गोळा आला हे खरं पण शंका आकड्यामुळे आली नाही. काम मोठं असेल तर पैसे लागणारच, कष्टाचं काम आहे, छिन्नी-हातोडी घेऊन दिवसभर धुळीत बसायचं म्हणजे सोपं नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या पूर्ण पानावर लीकेज कुठून होतंय हे एका शब्दानेही लिहिलेलं नव्हतं. काय काय तोडणार ते होतं, काय लावणार ते होतं, पण पाणी कुठल्या वाटेने खाली जातंय याचं उत्तर कुठेच नाही. डॉक्टरने नाडी न बघता डायरेक्ट ऑपरेशनची तारीख दिल्यासारखं वाटलं मला. नवरा म्हणाला, अगं सारखं काय उलट विचारत बसायचं त्यांना, त्यांचं रोजचं काम आहे. त्याचंही बरोबर होतं एका परीने, आपल्याला त्यातलं कळत नाही आणि समोरच्याच्या कामावर संशय घेतोय असं वाटून संकोच होतो. पण विचारणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे हे मी स्वतःलाच दोनदा समजावलं आणि टेप घेऊन बाथरूममध्ये गेले.

हे कुणीही करू शकतं म्हणून नीट सांगते. आमचं बाथरूम ८ बाय ५ फूट. म्हणजे जमीन ४० स्क्वेअर फूट. चारही भिंती मिळून लांबी २६ फूट, टाइल्स ७ फुटांपर्यंत, २६ गुणिले ७ म्हणजे १८२, त्यातून अडीच बाय सात फुटांचं दार वजा केलं की एकशे साडेचौसष्ट. जमीन धरून टोटल झाली साधारण २०५. टाइल्स कापताना फुकट जातात त्याचे १० टक्के वर धरले तरी २२५. मग २८० कुठून आले? आणि दुसरी गोष्ट, केमिकल कोट काही सगळ्या भिंतींना वरपर्यंत मारत नाहीत, जमीन पूर्ण, बाकी भिंतींना खालून फूटभर, आणि शॉवर ज्या कोपऱ्यात आहे तिथे साधारण सहा फुटांपर्यंत. तसा हिशोब केला तर आमच्याकडे कोटिंगचं क्षेत्र जेमतेम १०० ते ११० स्क्वेअर फूट भरतं. कोटेशनमध्ये मात्र टाइल्स आणि कोटिंग दोन्हीला एकच २८०. लमसम लिहिलं की हे सगळं पोटात जातं, बाहेरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. भांडायचं नाही असं ठरवूनच केला. विचारलं, दादा लीकेज नक्की कुठून आहे असं तुम्हाला वाटतं? म्हणाले टाइल्समधून. म्हटलं पाइपमधून किंवा नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्यातून, असेल तर? म्हणाले ताई, लाइनला काही होत नाही, लीकेज नेहमी टाइल्समधूनच असतं, वीस वर्षं हेच करतोय. म्हटलं काम सुरू करायच्या आधी पाणी भरून टेस्ट करता येईल का? तर म्हणाले तुम्हाला करायची तर करा, पण तेवढ्यात खालचं छत पडलं तर मला बोलू नका. हे वाक्य ऐकल्यावर मी फोन ठेवला. भीती घालून काम मिळवायची गरज ज्याला वाटते त्याच्याकडे उत्तर नसतं असं माझं मत आहे, चुकीचं असेलही, पण दोन स्टार कापले गेले ते इथेच.

मग सगळे सांगतात तसं केलं, दुसरीकडून कोटेशन मागवलं. तेही आलं, तेवढंच, म्हणजे दहा-बारा टक्क्यांचा फरक. तिसरं पण त्याच आसपास. आणि इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी चुकीची तुलना करतेय. तिघांनाही मीच सांगत होते की बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करायचंय, तिघांनीही तेवढंच ऐकून पूर्ण तोडफोडीचा दर दिला, कुणीच तपासलं नाही. तीन कोटेशनं घ्या असं सगळीकडे सांगतात, पण कामच चुकीचं ठरलेलं असेल तर तीन कोटेशनं घेऊन काय कळणार, तर चुकीच्या कामाचा बाजारभाव. पहिल्याचा रेट तसा बाजाराला धरूनच होता, त्या बाबतीत मी त्यांना दोष देणार नाही. घोळ होता तो कामाच्या व्याप्तीत.

म्हणून चौथ्या माणसाला फोन करताना वाक्य बदललं. वॉटरप्रूफिंग करायचंय असं नाही म्हटलं. म्हटलं, खाली ओल येतेय, पाणी कुठून जातंय ते शोधून द्याल का, शोधण्याचे पैसे वेगळे देते, काम तुम्हाला मिळेल न मिळेल. हे प्लंबरकाका वयस्कर, साठीच्या आसपासचे, मैत्रिणीने नंबर दिलेला. ते म्हणाले, शोधायचे पैसे देणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं, पण चार-पाच दिवस लागतील, चालेल? आमच्याकडे दुसरं बाथरूम आहे म्हणून चाललं, एकच असेल तर हे अवघड जाईल हे मान्य.

काका आल्याआल्या वर आलेच नाहीत, आधी खाली आजींकडे गेले. स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेष मारली आणि बाजूला तारीख लिहिली. आजोबांना म्हणाले, बाबा, रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं, ओल रेषेच्या बाहेर गेली की नवी रेष मारायची आणि वेळ लिहायची. आजोबांनी ते काम इतक्या मनापासून केलं की नंतर सगळ्याचा उलगडा त्या रेषांवरूनच झाला.

पहिले दोन दिवस बाथरूम पूर्ण बंद. नळ उघडायचा नाही, फरशी पुसायची पण नाही. यामागचं कारण काकांनी सांगितलं ते मला फार पटलं. घरात पाणी दोन प्रकारचं असतं, एक येणारं आणि एक जाणारं. येणाऱ्या पाइपात चोवीस तास दाब असतो, तुम्ही नळ उघडा नका उघडू, तो फुटला असेल तर पाणी रात्रंदिवस गळणार. जाणाऱ्या पाइपात पाणी फक्त वापरताना असतं. म्हणजे बाथरूम बंद ठेवूनही ओल वाढत राहिली तर येणाऱ्या लाइनवर संशय, थांबली तर ड्रेनेज नाहीतर फरशी. दोन दिवसांत रेष ओलांडली गेली नाही, कडा थोडी सुकल्यासारखी वाटली.

तरी काकांनी लाइन तपासलीच. हाताचा टेस्टिंग पंप आणला, गीझर आधी वेगळा केला कारण त्याच्या टाकीवर एवढा दाब जायला नको, सगळे नळ बंद करून लाइनमध्ये ६ बारपर्यंत दाब चढवला. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब, म्हणजे वरच्या टाकीतून आपल्याला मिळतो त्यापेक्षा हा कितीतरी जास्त. मग गेजकडे बघत तासभर बसलो, काकांनी चहा घेतला, सुई हलली नाही. येणारी लाइन बाद. कमोड वेगळ्या खोलीत आहे त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. राहिले दोघंच, फरशी आणि नहाणी ट्रॅप.

आता जी टेस्ट मी त्या कॉन्ट्रॅक्टरला करा म्हणत होते ती. ट्रॅपच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवलं, दाराच्या उंबऱ्याला प्लास्टिक आणि कापडाचा बांध घातला आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी भरलं. ४० स्क्वेअर फुटांत १ इंच म्हणजे जवळजवळ ९४ लिटर पाणी, ऐकायला थोडं वाटतं पण बादल्या मोजून ओतताना कळतं. भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेष. २४ तास पुरतात असं म्हणतात, काकांनी ४८ तास ठेवलं, कारण आमचा स्लॅब खाली उतरवलेला आहे आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव आहे, अशा भरावातून पाणी खाली दिसायला वेळ लागतो. मला त्या दोन रात्री झोप नाही, दर दोन तासांनी टॉर्च घेऊन रेष बघायची. ४८ तासांनी पाणी जेमतेम २-३ मिलिमीटर उतरलं होतं, तेवढं तर हवेतच उडतं. आणि खाली आजोबांची रेष तिथल्या तिथे.

म्हणजे फरशी चांगली होती! ज्या फरशीतून पाणी उतरतंय म्हणून सगळं तोडायचं कोटेशन होतं त्या फरशीने ९४ लिटर पाणी दोन दिवस अंगावर धरून ठेवलं. पोकळ आवाजाचं विचारलं तेव्हा काका म्हणाले, टाइल पोकळ वाजते म्हणजे तिच्या मागे माल पूर्ण भरलेला नाही एवढंच, त्याचा आणि गळतीचा संबंध असेलच असं नाही, आणि वॉटरप्रूफिंगचा थर टाइलच्या खाली असतो, टाइल आणि ग्राउट हे काही पाणी अडवणारं मुख्य कवच नव्हे.

शेवटी पाणी काढून जमीन पुसून कोरडी केली, बूच काढलं, आणि काकांनी १५ लिटरच्या दहा बादल्या एकामागून एक थेट ट्रॅपमध्ये ओतल्या, फरशीवर थेंब पडू न देता, बादलीला फनेलसारखा पत्रा लावून. ही दुपारची गोष्ट. संध्याकाळी सहा वाजता आजोबांचा फोन, रेषेच्या बाहेर दोन बोटं ओल आलीय. मला इतका आनंद झाला की आजींना आधी कळेना, छत भिजतंय आणि ही खूश का होतेय.

दुसऱ्या दिवशी ट्रॅपभोवतीच्या फक्त ४ टाइल्स काढल्या, एकेक फुटाच्या, ४० पैकी ४. ग्राइंडरने आधी कडेचं ग्राउट कापून घेतलं म्हणजे शेजारच्या टाइल्स तडकत नाहीत. खाली भराव काळा पडलेला, कुबट वास, विटांचे तुकडे हातात घेतले तर ओले गच्च. काका माती बाजूला करत करत ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत गेले आणि मला बोलावलं, हे बघ बाळा म्हणाले, आणि दोन बोटांनी पाइप ओढला तर जॉइंटमधून अलगद बाहेर आला. सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, लावलेलंच नव्हतं. बांधतानाच कुणीतरी पाइप नुसता खोचून वरून सिमेंट थापलेलं, इतकी वर्षं ते सिमेंट धरून होतं, त्याला चीर गेली आणि प्रत्येक अंघोळीचं थोडं थोडं पाणी भरावात जिरत राहिलं. पाइपाच्या टोकाला एकदम स्वच्छ गोल कडा होती, चिकटवल्याची खूण नाही. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

आता त्या बारीक अक्षरातल्या दोन ओळी. घरी बसून ते पहिलं कोटेशन झूम करून परत वाचलं. एक ओळ होती, जुना ट्रॅप व ड्रेनेज लाइन आहे तशीच राहील. दुसरी, गॅरंटी फक्त कोटिंगवर, प्लंबिंग वगळून. वाचून मी खरंच खाली बसले. म्हणजे मी हो म्हटलं असतं तर आठवडाभर तोडफोड झाली असती, सगळ्या टाइल्स गेल्या असत्या, नवीन कोट, नवीन टाइल्स, सगळे पैसे, आणि तो सुटा पाइप तसाच आत राहिला असता. पुन्हा आजींकडे ओल आली असती आणि १० वर्षांच्या गॅरंटीचा कागद दाखवला असता तर उत्तर आलं असतं, ताई हे प्लंबिंगचं आहे, आमच्यात येत नाही. आणि कागदावर ते बरोबरही ठरलं असतं, कारण लिहिलेलं होतंच. गॅरंटी किती वर्षांची हे मी बघितलं होतं, कशाची आहे ते बघितलं नव्हतं.

काकांनी नवा ट्रॅप बसवला, जॉइंटला दोन्हीकडून सोल्युशन लावून फिरवून बसवला आणि काही न झाकता आधी पाणी भरून जॉइंट उघडाच ठेवला, खाली कोरडा पेपर. दुसऱ्या दिवशी पेपर कोरडा बघितल्यावरच भराव घातला. ओला भराव जेवढा निघाला तेवढा काढला. मग ट्रॅपच्या गळ्याभोवती वाटा मारला, म्हणजे कोपरा गोलसर भरून घेतला, त्यावर केमिकलचे दोन हात, पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, आणि जुन्या थरावर चार इंच चढवून, कारण नवा-जुना थर नुसता शेजारी शेजारी ठेवला तर त्या जोडातूनच पाणी जातं. मग पुन्हा २४ तास पाणी भरून टेस्ट, मगच टाइल्स. टोटल खर्च, शोधण्याची फी धरून, पहिल्या कोटेशनच्या साधारण नवव्या हिश्शात.

कॉन्ट्रॅक्टरची बाजूही लिहिते कारण ती मला नंतर कळली आणि ती लिहिली नाही तर रिव्ह्यू अर्धवट राहील. व्हिजिट फ्री असते म्हणजे त्यांच्या त्या वेळेचे पैसे कुणीच देत नाही. फुकटात पाच दिवस टेस्ट कोण करणार? मग सगळ्यात सेफ रस्ता म्हणजे सगळंच तोडायचं कोटेशन द्यायचं, कुठूनही गळत असलं तरी त्यात येईल असा अंदाज. काही घरांत ते बरोबरही असतं, जुना थर खरंच संपलेला असतो, टेस्टमध्ये पाणी सरसर उतरतं, तिथे ४ टाइल्स काढून काही होत नाही आणि पूर्ण काम करणंच शहाणपणाचं. शॉवरच्या कोपऱ्यातलं ग्राउट गेलंय हे त्यांनी बरोबर दाखवलं होतं. दोन स्टार त्याचे आणि वेळेवर येण्याचे. पण भीती घालणं, न मोजता २८० लिहिणं आणि ट्रॅप वगळल्याचं तोंडाने न सांगणं, हे मी सोडणार नाही.

काकांचा अर्धा स्टार का कापला तेही सांगते. दोन दिवस सांगितलेल्या वेळेपेक्षा तीन तास उशिरा आले आणि फोन नाही. लेखी काही देत नव्हते, मी मागून मागून एका कागदावर लिहून घेतलं. आणि नवीन ४ टाइल्स जुन्यांशी शेडमध्ये जुळत नाहीत, थोड्या उजळ दिसतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं की जुनी बॅच मिळणार नाही, त्यामुळे तक्रार नाही पण ज्यांना डोळ्यांना खटकतं त्यांनी विचार करून ठेवा. राडारोडा मात्र स्वतः गोणीत भरून नेला.

एक शेजारी म्हणत होते खालून इंजेक्शन मारून घ्या, पीयूचं (चिरेत भरायचं पॉलियुरेथेन), तोडफोड नाही काही नाही. काकांना विचारलं तर म्हणाले चीर बंद होईल, पण वरून पाणी येतच राहिलं तर ते दुसरी वाट शोधेल, आज या कोपऱ्यात आहे उद्या त्या कोपऱ्यात निघेल. आधी वरचा सोर्स बंद, मग खाली काय ते.

कोटेशन हातात घेऊन आत्ता जे बसलेत त्यांनी आज एवढं करा, समोरच्याला विचारा की लीकेज कुठून आहे आणि ते तुम्ही कशावरून म्हणता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. टेस्ट केली म्हणून, की अंदाज म्हणून. अंदाज असेल तर तसं सांगणारा माणूसही चांगलाच, मग टेस्ट करून घ्या आणि तिचे पैसे द्या, फुकट मागू नका. लमसम असेल तर मोडून मागा, तोडायचं किती, कोटिंग किती आणि कितव्या फुटापर्यंत, टाइल्स किती, राडारोडा कोण नेणार, ट्रॅप आणि पाइप बदलणार की तेच ठेवणार. टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून दाखवणार का, हे लेखी घ्या, कारण टाइल लागली की आतलं काही दिसत नाही. अॅडव्हान्स एकदम ६० टक्के नको, कामाच्या टप्प्यांवर द्या, आणि शेवटचा हप्ता टेस्ट पास झाल्यावर. दोनच दिवस दर व्हॅलिड म्हणाले तर जाऊ दे दर, खालच्या मजल्यावरच्यांना जाऊन सांगा की चार दिवस बाथरूम बंद ठेवून तपासतोय. आजींना हे सांगितल्यावर त्या उलट निवांत झाल्या, आपलं कुणीतरी मनावर घेतलंय एवढं कळलं की माणूस थांबतो.

अपडेट, साडेपाच आठवड्यांनी: काम झालं त्याच दिवशी छत सुकेल अशी अपेक्षा ठेवू नका, मी ठेवली होती आणि पहिल्या आठवड्यात डाग तसाच बघून धाबं दणाणलं होतं. भरावात साठलेलं पाणी हळूहळूच बाहेर पडतं. आजोबांच्या रेषा आत आत सरकत गेल्या, शेवटची रेष मारून आता बारा दिवस झाले. काकांनी मॉइश्चर मीटर लावून बघितला, डागावर आणि शेजारच्या कोरड्या भिंतीवर दोन्हीकडे, नुसतं डागावर बघून उपयोग नाही कारण त्या पांढऱ्या क्षारांमुळे मीटर जास्त दाखवतो. क्षार ब्रशने खरवडून काढल्यावर दोन्ही आकडे जवळपास आले. पुढच्या आठवड्यात खाली पुट्टी आणि रंग, तो खर्च आमचा, ते आधीच बोलून ठेवलंय. शॉवरच्या कोपऱ्यातलं ग्राउट काका पुढच्या महिन्यात करतील. आजींचा पलंग परत जागेवर गेलाय.